स्की किती लांब असावी?



समजा, हिवाळ्यात तुम्ही काश्मीरमधील गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेला आहात. आपल्या महाराष्ट्रात बर्फ पडत नसला, तरी गिर्यारोहणाची आवड असलेली आपल्याकडची कितीतरी मुले-मुली गुलमर्गला किंवा उत्तराखंडातील औलीला हा खेळ शिकायला जातात. भाड्याने स्की देणाऱ्या दुकानात तुम्ही शिरता. भिंतीला टेकवून स्कींच्या जोड्या रांगेने उभ्या आहेत. काही तुमच्या हनुवटीपर्यंत येतात, काही नाकापर्यंत, तर काही चक्क डोक्याच्याही वर जातात. तुमच्याबरोबरचा मित्र पुढे होतो आणि त्यातली सर्वांत लांब जोडी उचलतो. "मोठे लोक हीच वापरतात," असे तो ऐटीत सांगतो. आता तुमची पाळी. तुम्ही कोणती उचलाल?

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही. चुकीच्या लांबीची स्की घेतली तर शिकण्याचे सारे दिवस पडण्यात जातील, आणि एखादे वेळी गुडघा मुरगळून परतावे लागेल. गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्रात आणि भूमितीतच दडलेले आहे. चला, ते शोधू या.

बर्फात पाय का रुतत नाही?

स्कीचे पहिले काम म्हणजे तुमचे वजन पसरवणे. तुमचे वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे असे धरू. तुमचे वजन झाले सुमारे ५९० न्यूटन. नुसत्या बुटांवर उभे राहिलात, तर दोन्ही तळव्यांचे मिळून क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर भरते. बर्फावर दाब पडतो सुमारे ११,८०० पास्कल. आता पायांत १६० सेंटिमीटर लांब आणि सरासरी ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन स्की चढवा. क्षेत्रफळ झाले २,५६० चौरस सेंटिमीटर आणि दाब उतरला सुमारे २,३०० पास्कलवर. म्हणजे जवळजवळ पाचपट कमी! म्हणून भुसभुशीत बर्फात बूट गुडघ्याएवढा रुततो, पण स्की वरच्यावर राहते.

तुम्ही म्हणाल, मग स्की जितकी लांब तितकी चांगली! स्कीचे माहेर जे नॉर्वे, तेथील जुन्या स्की खरोखरच लांबलचक असत. मैलोन्‌मैल सपाट किंवा मंद उताराच्या बर्फावरून सरळ जायचे असेल, तर त्या उत्तमच. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील लिलियनफेल्ड येथे राहणाऱ्या मातियास झ्डार्स्की याने नॉर्वेच्या लांब स्की आल्प्सच्या उभ्या उतारांवर वापरून पाहिल्या, तेव्हा त्याला निराळाच अनुभव आला. उभ्या उतारावर सतत वळावे लागते, आणि या स्की काही केल्या लवकर वळेनात. तेव्हा त्याने स्की आखूड केल्या. त्याची स्की सुमारे १८० सेंटिमीटरची होती. लांबीचा संबंध वळण्याशी आहे, हे त्याने अनुभवाने ओळखले. आपण त्याचे कारण पाहू.

काठीचा प्रयोग

घरात दोरीवर कपडे वाळत घालण्याची लांब काठी असते. ती मधोमध एका हाताच्या मुठीत आडवी धरा आणि मनगटाने झटपट डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहा. आसपास कोणी नाही ना, एवढे मात्र आधी बघून घ्या! आता तशीच, पण निम्म्या लांबीची काठी घ्या आणि तीच क्रिया करा. छोटी काठी सहज फिरेल. लांब काठी मात्र फिरायला कुरकुर करेल, आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही कुरकुर करेल.

लांब काठी जड असते, हे याचे एक कारण. पण तेवढेच नव्हे. तिचे वस्तुमान मुठीपासून दूर पसरलेले असते, आणि दूरचे वस्तुमान फिरवणे जास्त अवघड. फिरण्याला होणाऱ्या या विरोधाच्या मापाला 'जडत्व परिबल' म्हणतात. सारख्या जाडीची काठी मध्याभोवती फिरवली, तर हे माप तिचे वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग, भागिले १२ एवढे येते. लांबीबरोबर वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे जडत्व परिबल लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट झाली, तर विरोध आठपट!

हाच हिशोब स्कीला लावू. १५० सेंटिमीटरच्या ऐवजी १८० सेंटिमीटरची स्की घेतली, तर लांबी १.२ पट झाली. १.२ चा घन येतो १.७२८. म्हणजे लांबी वाढली अवघी २० टक्के, पण वळण्याला होणारा विरोध वाढला सुमारे ७३ टक्के. खऱ्या स्कीची जाडी सर्वत्र सारखी नसते, म्हणून हा आकडा तंतोतंत लागू पडणार नाही. पण लांब स्की वळवताना नवशिक्याच्या पायांना एवढे कष्ट का पडतात, ते यावरून ध्यानात येईल.

एकाचा वैरी, दुसऱ्याचा सोबती

मग आखूड स्की सर्वांनाच का देत नाहीत? याचे उत्तर त्याच जडत्व परिबलात आहे. जी स्की तुम्हाला सहज वळवता येते, ती बर्फालाही सहज वळवता येते!

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा कुशल खेळाडू सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापतो. वाटेत बर्फाची ढेकळे, खाचा, उंचवटे येतच असतात. प्रत्येक ठिकाणी स्कीच्या टोकाला धक्का बसतो. आखूड स्की अशा धक्क्याने चटकन तिरकी होते, थरथरते. लांब स्की धक्क्याला दाद देत नाही. लहान खाचांवरून तर ती पुलासारखी पार होते. शिवाय तिची कड बर्फाला अधिक लांबीवर धरून ठेवते आणि पुढे-मागे तोल जाऊ देत नाही. जो विरोध नवशिक्याचा वैरी, तोच वेगवान खेळाडूचा सोबती होतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम पाहा. 'डाउनहिल' या शर्यतीत खेळाडू ताशी १०० किलोमीटरपेक्षाही जास्त वेगाने उतरतात. तिथे पुरुषांची स्की किमान २१८ आणि स्त्रियांची किमान २१० सेंटिमीटर लांब असावी लागते. 'स्लॅलम' या शर्यतीत जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून भराभर वळणे घ्यावी लागतात. तिथे हीच मर्यादा पुरुषांना १६५ आणि स्त्रियांना १५५ सेंटिमीटर आहे. दोन्हीकडे खेळाडू जगातले निवडकच. तेव्हा लांब स्की म्हणजे मोठा खेळाडू, हे समीकरण खरे नाही. लांबी कामावरून ठरते.

कडेचा बाक आणि दहावीची भूमिती

स्की नीट पाहिलीत, तर ती दोन्ही टोकांना रुंद आणि कमरेशी अरुंद दिसेल. तिच्या कडेला आतल्या बाजूने हलकासा बाक असतो. ही कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा कंस होय. खेळाडूने स्की कलती केली की कड बर्फात रुतते, स्की वाकते, आणि ती आपल्या वर्तुळाच्या धोरणाने आपोआप वळू लागते. जितकी जास्त कलती करावी, तितके वळण आणखी लहान होते.

या वर्तुळाची त्रिज्या तुम्हाला काढता येईल. कडेची लांबी 'ल' ही जीवा समजा आणि बाकाची मधली खोली 'ख' समजा. वर्तुळात दोन जीवा एकमेकींना छेदतात, तेव्हा त्यांच्या भागांचे गुणाकार समान असतात, हे तुम्ही दहावीत शिकता. आपली जीवा आणि तिच्या मध्यातून जाणारा व्यास घेतला, तर ल/२ गुणिले ल/२ हे ख गुणिले (२त्र − ख) याबरोबर होईल. येथे 'त्र' ही त्रिज्या. ख फारच लहान असल्याने कंसातील ख सोडून देऊ. मग

त्र = ल² ÷ ८ख

उदाहरणादाखल, बर्फाला टेकणारी कड १.५ मीटर आणि बाक २ सेंटिमीटर, म्हणजे ०.०२ मीटर असेल, तर त्रिज्या येते सुमारे १४ मीटर. म्हणजे साधारण कबड्डीच्या मैदानाच्या लांबीएवढी. जुन्या पद्धतीच्या स्कीत कड १.८५ मीटर आणि बाक अवघा ०.८ सेंटिमीटर धरला, तर त्रिज्या येते सुमारे ५३ मीटर! अशी स्की स्वतः होऊन वळेल ती फार मोठ्या वर्तुळात. लहान वळणासाठी ती पायांच्या बळाने ढकलत न्यावी लागे.

१९९० च्या दशकात स्लोव्हेनियातील 'एलान' या कारखान्याने खोल बाकाची आखूड स्की बाजारात आणली आणि पाहता पाहता सर्वांनी तिचे अनुकरण केले. त्याआधी 'हात वर करून उभे राहा, मनगटापर्यंत येईल ती स्की तुमची' असा नियम होता. आज तो नियम पाळलात, तर फसाल. तुमच्या घरी किंवा ओळखीत कोणी चाळीस वर्षांपूर्वी हा खेळ शिकले असेल, तर त्यांचा सल्ला आदराने ऐका, पण लांबीचा आकडा मात्र त्यातून घेऊ नका.

स्कीला उंची कळत नाही

दुकानात स्की तुमच्या शेजारी उभी करून लांबी पाहतात. ही फक्त सोय आहे. स्कीला तुमची उंची कळत नाही, तिला कळते तुमचे वजन. पुष्कळ स्की मध्यभागी किंचित वर उचललेल्या असतात. तुम्ही उभे राहिलात की त्या सपाट होतात, आणि वळणात आणखी वाकतात. लांब स्की सहसा भारी माणसासाठी, म्हणून जास्त ताठ बनवतात. सारख्याच उंचीच्या दोन मुली घ्या, एक ४५ किलोग्रॅमची आणि दुसरी ७० किलोग्रॅमची. पहिलीला ताठ स्की वाकवताच येणार नाही, आणि न वाकणारी स्की नीट वळणार नाही. दुसरीला फार मऊ व आखूड स्की दिली, तर ती तिच्या भाराखाली डगमगेल.

मग निवड कशी करावी?

उदाहरणासाठी तुमची उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन मध्यम आहे असे धरू.

१. नवशिके: हनुवटी ते नाक, म्हणजे साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर.

२. बेताच्या उतारावर न पडता वळणे घेणारे: नाक ते कपाळ, म्हणजे १५० ते १६० सेंटिमीटर.

३. वेगाने, सर्व प्रकारच्या उतारांवर जाणारे: कपाळापासून डोक्यापर्यंत किंवा थोडी वर, म्हणजे १६० ते १७० सेंटिमीटर.

आता यात फेरफार करा. वजन कमी असेल तर थोडी आखूड, जास्त असेल तर थोडी लांब. दाबून सपाट केलेल्या उतारावर लहान वळणे घ्यायची असतील तर आखूड. खोल, भुसभुशीत बर्फात जायचे असेल तर लांब आणि रुंद. टोके बरीच वर वळलेली असतील, तर त्या स्कीची थोडीच कड बर्फाला टेकते, म्हणून ती जराशी लांब चालते. मात्र 'आखूड बरी' म्हणून फारच आखूड घेऊ नका. तिच्यावर पुढे-मागे तोल राहत नाही.

खरे सांगण्याचे महत्त्व

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्की ही तुमच्या पायाला जोडलेली तरफ आहे. टोकाशी १०० न्यूटनचा आडवा धक्का बसला आणि टोक बुटापासून ७५ सेंटिमीटरवर असले, तर पायाला पिळणारे परिबल ७५ न्यूटन-मीटर होते. टोक ९० सेंटिमीटरवर असेल, तर तेच ९० न्यूटन-मीटर होते. हा पीळ गुडघ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून बूट स्कीला जोडणाऱ्या 'बाइंडिंग'मध्ये खटका असतो. पीळ ठराविक मर्यादेबाहेर गेला की तो सुटतो आणि पाय मोकळा होतो.

हा खटका किती घट्ट ठेवायचा, ते तुमचे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही सांगितलेले तुमचे कसब यांवरून ठरवतात. स्वतःला तरबेज म्हणवून घेतलेत, तर खटका अधिक घट्ट बसेल. मग सावकाश होणाऱ्या पडण्यात तो वेळेवर सुटणार नाही. दुकानात मारलेली बढाई अशी गुडघ्याला भोवते. तेव्हा दुकानदाराने विचारले, तर "मी आजच शिकायला आलो" किंवा "आले" असे निःसंकोच सांगा. आज तुम्ही जसे आहात त्याला साजेल अशी स्की घ्या. उद्या कसब वाढले की लांब स्की कुठे पळून जात नाही!

सोडवून पाहा: आपल्या ऐटबाज मित्राने १७५ सेंटिमीटरची स्की घेतली आणि तुम्ही १४० सेंटिमीटरची. काठीचा नियम लावून, त्याच्या स्कीचे जडत्व परिबल तुमच्या स्कीच्या किती पट आहे ते काढा. मग संध्याकाळपर्यंत अधिक वळणे कोण शिकले असेल, याचा वर्गात विचार करा.