मोबाइलसाठी मराठी कीबोर्ड निवडताना

पालक आणि नवे शिक्षक एक प्रश्न हमखास विचारतात, "सर, मराठी टायपिंगसाठी कुठलं ॲप चांगलं?" मग गटातले कोणीतरी एका ॲपचे नाव टाकते आणि विषय तिथेच संपतो. खरे तर ॲपचे नाव ही नंतरची गोष्ट आहे. लिहिणाऱ्याने मराठी शब्द देवनागरीतून लिहायचा की इंग्रजी अक्षरांतून, हे आधी ठरवायला हवे. मोठ्यांच्या बाबतीत हा सोयीचा प्रश्न असेल. तिसरी-चौथीतल्या मुलाच्या बाबतीत मात्र तो शुद्धलेखनाचा प्रश्न आहे.

उदाहरण आपल्याच गावाचे घेऊ. अजिंठ्याचे रूढ इंग्रजी स्पेलिंग ए-जे-ए-एन-टी-ए असे आहे. 'इंग्रजीतून मराठी' पद्धतीच्या कीबोर्डवर हीच अक्षरे दाबली, तर सरळ हिशोबाने 'अजंता' तयार होते. हे हिंदीतले रूप झाले. आपल्या नावातली वेलांटी गेली आणि ठ सुद्धा गेला. कीबोर्ड हुशार असेल तर वरच्या पट्टीत 'अजिंठा'ही सुचवेल. पण त्या पट्टीतून योग्य शब्द निवडायला तो आधी माहीत असावा लागतो. लहान मूल पहिला दिसेल तो शब्द उचलते आणि पुढे जाते.

असे का होते? रोमन लिपीत ट आणि त, ठ आणि थ, ड आणि द, ण आणि न, ळ आणि ल यांना सवयीच्या स्पेलिंगमध्ये वेगळी अक्षरे नाहीत. म्हणून वहीत 'बाळ' नीट लिहिणारे मूल मोबाइलवर 'बाल' पाठवून मोकळे होते आणि 'पाणी'चे 'पानी' होते. ऱ्हस्व-दीर्घाचे तर विचारूच नका! मुलाला येत नाही असे आपण म्हणतो, पण त्याला येत असते. मधल्या इंग्रजी अक्षरांनी ते पुसलेले असते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मुलांसाठी देवनागरी मांडणीचाच कीबोर्ड सुरू करून द्यावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असलेल्या गूगलच्या जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडताना देवनागरी मांडणी, इंग्रजी अक्षरांतून मराठी आणि बोटाने गिरवून लिहिणे असे वेगवेगळे प्रकार दिसतात. घाईत आपण इंग्रजीवाला प्रकार निवडतो आणि तोच कायम राहतो. आयफोनमध्ये मराठी कीबोर्ड मुळातच असतो, तो फक्त सेटिंगमधून जोडावा लागतो. म्हणजे बऱ्याच जणांना नवीन ॲप घेण्याची गरजच नसते. एक काळजी मात्र घ्या. भाषांच्या यादीत 'हिंदी' नको, 'मराठी'च निवडा. लिपी एक असली तरी शब्दांच्या सूचना हिंदीच्या येतात, आणि ळ, ॲ शोधत बसावे लागते ते वेगळेच.

देवनागरी मांडणी अवघड असते ही समजूत आता सोडायला हवी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी ठरवली. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, तर उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत. क आणि ख एकाच कळीवर, ट आणि ठ एकाच कळीवर, म्हणजे वर्णमाला शिकवताना आपण ज्या जोड्या सांगतो त्याच. पुढे मूल संगणकावर बसले तरी हीच मांडणी तिथे भेटते. कन्नड किंवा गुजरातीसाठीही कळींच्या जागा त्याच आहेत.

मोबाइलच्या छोट्या पडद्याचा विचार करून आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागाने 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड तयार केला. त्यात क वर बोट ठेवले की भोवती का, कि, की, कु असे चक्र उघडते आणि बोट सरकवून हवे ते रूप घेता येते. बाराखडीच समोर फिरते म्हणा ना! आपल्या फोनच्या आवृत्तीवर तो चालतो का, हे पाहून मगच मुलांना दाखवा. कल्पना म्हणून तो मला फार आवडतो, कारण तो लिपीच्या स्वभावाला धरून आहे. व्यंजन आधी, मात्रा त्याला चिकटते, हा स्वभाव जुना आहे. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेणीच्या दर्शनी कमानीवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. त्यातही अक्षराला मात्रा अशीच जोडलेली आहे. सहलीत मुलांना तो जरूर दाखवा.

टाइप करताना मुले पहिल्या वेलांटीला अडखळतात. वहीत आपण 'जि' लिहिताना वेलांटी आधी काढतो, पण कीबोर्डवर ज आधी आणि वेलांटी नंतर. जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्या गुरुजींचीही इथेच पंचाईत होते. मुलांना एवढेच सांगावे की बोलतो त्या क्रमाने दाबायचे. 'फर्दापूर' लिहिताना फ, र, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग द. रफार म्हणजे द च्या आधीचा अर्धा र आहे, हे फळ्यावर चारदा सांगूनही न कळलेले मूल इथे स्वतःच्या बोटाने समजून घेते.

कोणताही कीबोर्ड घेण्याआधी त्यावर एक वाक्य लिहून पाहा : 'अजिंठ्याच्या दऱ्याखोऱ्यांतून वाघूर नदी ऑक्टोबरातही वाहते, हे ज्ञान ॲपवर नाही, डोळ्यांनी मिळते.' यात ठ्य, ऱ्य, ऑ, ज्ञ, ॲ, ळ सगळे आले. खरी कसोटी ऱ्य ची. बहुधा र दाबून धरला की खाली टिंब असलेला ऱ दिसतो. तो घ्यायचा, पाय मोडायचा आणि य जोडायचा. साधा र घेतला तर 'दर्या' होईल. आचार्यांना बोलावले की आचाऱ्यांना, हा फरक याच एका कळीवर अवलंबून आहे, आणि पंगतीच्या दिवशी तो बारीक नसतो! ॲ आणि ऑ शासनाच्या २००९ च्या निर्णयानुसार आपल्या वर्णमालेत आहेत. ज्या कीबोर्डवर ते सापडत नाहीत, तो शाळेच्या कामाचा नाही.

मोठ्यांनी काय वापरावे याबद्दल माझा आग्रह नाही. इंग्रजी अक्षरांतून भराभर लिहायची सवय असेल आणि शेवटी नजर फिरवणार असाल तर खुशाल वापरा. लांब सूचना बोलून लिहिणेही सोपे आहे. गूगलची ही सोय मराठीत २०१७ मध्ये आली. विरामचिन्हे आणि विशेषनामे मात्र तपासावीत. आजी-आजोबांना बोटाने गिरवण्याचा प्रकार लवकर जमतो. घाटात किंवा वस्तीवर रेंज गेली तर बोलून लिहिणे अडू शकते, देवनागरी कळींना मात्र नेट लागत नाही. आपल्याकडे कित्येक घरांत मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही चालतात. तिन्ही भाषा जोडा, पण मुलाला पृथ्वीगोलाची कळ किंवा स्पेसबार दाबून भाषा बदलायला शिकवा, नाहीतर एकाच वाक्यात तिन्हींची खिचडी होते.

आता सुरक्षिततेचे. रंगीत थीम आणि स्टिकरसाठी मुले कुठलाही कीबोर्ड उतरवतात. बाहेरचा कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड एक इशारा दाखवतो, की हे ॲप तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्डसुद्धा, गोळा करू शकते. आपण न वाचता 'ठीक आहे' दाबतो. ही भीती पोकळ नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'एआय टाइप' नावाच्या कीबोर्डच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती पासवर्ड नसलेल्या सर्व्हरवर उघडी पडलेली आढळली. शिक्षकांच्या फोनमधून तर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, पोर्टलचे पासवर्ड रोज टाइप होतात. म्हणून कीबोर्ड अधिकृत स्टोअरवरूनच घ्या आणि बनवणारा कोण ते वाचा. संपर्क यादी किंवा लोकेशन मागत असेल तर नाही म्हणा. आयफोनवर 'पूर्ण प्रवेश' बंद ठेवूनही निव्वळ टायपिंग चालत असेल तर तो बंदच ठेवावा.

आणि नवा कीबोर्ड पसंत पडला नाही तर तो नुसता बदलून ठेवू नका, फोनमधून काढून टाका. मुलाच्या हाती फोन देण्याआधी सेटिंगमधली कीबोर्डची यादी एकदा उघडून बघा. आपण कधी सुरू केले ते आठवतही नाही असे एखादे नाव त्यात निघू शकते.