नव्या विंडोजमध्ये जुनी मराठी का दिसत नाही?

कोयनानगरसारख्या डोंगरातल्या वसाहतीत संगणक अडला, की तो पाटण-कराडकडे न्यावा लागतो किंवा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठावे लागते. यंत्र परत येते ते बहुधा नवी विंडोज घालूनच. ते चपळ झालेले असते, पडदाही देखणा दिसतो. पण जुना अर्ज उघडावा, तर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची निरर्थक रांग उभी राहते. ‘फाइल उडाली’ असे म्हणून मंडळी हळहळतात. वास्तविक बहुतेक वेळा फाइल शाबूत असते.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर विंडोज ११ कडे वळणाऱ्यांची संख्या वाढली आणि ही तक्रारही पुन्हा वर आली. तक्रार तशी जुनीच आहे. २००१ मध्ये विंडोज एक्स्पी आली तेव्हाही देवनागरी नीट दिसण्यासाठी भाषाविषयक सेटिंगमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, आणि ती चौकट कोठे आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असे.

गोम अशी, की संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे आणि तो सर्वत्र तोच असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी मात्र मराठी फॉन्ट बनविणाऱ्यांच्या हाती जेमतेम २५६ जागा होत्या, त्याही रोमन लिपीसाठी आखलेल्या. त्याच जागांवर देवनागरीचे काने, मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे बसविले गेले. श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे सुरेख किंवा योगेश या फॉन्टनी मराठी छपाईची मोठी सेवा केली. पण प्रत्येकाची मांडणी निराळी होती. अशा फाइलमध्ये खरे पाहता रोमन क्रमांकच असतात, फॉन्ट त्यांना मराठी वेश चढवितो. नव्या यंत्रात तो फॉन्ट नसला, की वेश उतरतो.

कोयनेच्या परिसरात हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे सगळे प्रश्न इतक्या दशकांनंतरही सुटलेले नाहीत. अशा ठिकाणी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित केलेला अर्ज किंवा वारसांची यादी हा पुरावा ठरू शकतो. त्यातील एक गट क्रमांक बदलला, तरी घोटाळा होतो.

म्हणूनच सर्वांत घातक चूक आधी सांगायला हवी. मजकूर विचित्र दिसला, की पुष्कळजण सगळी फाइल निवडून तिला ‘मंगल’ फॉन्ट लावतात आणि साठवूनही टाकतात. त्याने मराठी परत येत नाहीच. उलट कोणता भाग मराठी आणि कोणता इंग्रजी, हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे जुन्या फॉन्टचे नाव, कायमची पुसली जाते. तोच मजकूर ई-मेलमध्ये साधा चिकटविला तरी हेच होते. तेव्हा प्रथम मूळ फाइलची प्रत काढून ती बाजूला ठेवावी आणि जे काही करायचे ते दुसऱ्या प्रतीवर करावे.

यानंतर जुना फॉन्ट शोधावा. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवला, की फॉन्टच्या चौकटीत त्याचे नाव दिसते, तो फॉन्ट यंत्रात नसला तरीही. डिस्क न पुसता नवी प्रणाली चढविली असेल, तर ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जुन्या प्रणालीची सामग्री असते. मात्र साधारणपणे दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. सेटिंगमधून जुन्या प्रणालीकडे परतण्याची मुदतही तेवढीच. डिस्क पुसली गेली असेल, तर मूळ सीडी किंवा दुसरे जुने यंत्र यांचाच आधार उरतो. फॉन्ट बसला, की फाइल पूर्ववत वाचता येते. मग त्या विशिष्ट फॉन्टसाठी बनविलेल्या परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणावी. परिवर्तक रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे यांत हमखास अडखळतात. नावे आणि आकडे छापील प्रतीशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

युनिकोडमधल्या फाइलींचीही एक छोटी खोड आहे. विंडोज १० पासून ‘मंगल’ हा ऐच्छिक फॉन्ट झाला आहे. तो नसेल तेथे ‘निर्मला’ येतो, ओळी सरकतात आणि एका पानाचे पत्र दुसऱ्या पानावर जाते. सेटिंगमधील ऐच्छिक सुविधांतून देवनागरीचे पूरक फॉन्ट उतरवून घेतले, की काम भागते. कळफलकाचे दुखणे वेगळे: विंडोजचा मूळ मराठी कळफलक इनस्क्रिप्ट पद्धतीचा आहे. टंकलेखन यंत्राच्या पद्धतीवर बोटे बसलेल्यांना तो परका वाटतो; तसा कळफलक स्वतंत्रपणे बसवावा लागतो.

विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. त्यामुळे ३२ बिटच्या काळातील प्रिंटरचे किंवा मराठी सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या हार्डवेअर लॉकचे जुने ड्रायव्हर तीवर चालत नाहीत. निर्मात्याने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर तेथे खटपट करण्यात अर्थ नाही.

ज्यांनी अजून प्रणाली बदललेली नाही, त्यांचे काम सोपे आहे. जुन्या यंत्रावर सगळे नीट दिसत असतानाच महत्त्वाच्या फाइलींच्या पीडीएफ प्रती काढाव्यात, कारण पीडीएफमध्ये सहसा फॉन्टचा आकारही सोबत साठवला जातो, आणि फॉन्टचे फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावे. कोयनेच्या पावसाळ्यात हे करायचे असेल, तर यूपीएसची बॅटरी आधी तपासलेली बरी. प्रणाली चढत असताना अर्ध्यात वीज गेली, तर मराठीचाच नव्हे, यंत्र सुरू होण्याचाच प्रश्न उभा राहतो.