पोपटीच्या जोडीला सुरण

थंडी पडली आणि वालाच्या शेंगा भरल्या, की आपल्या रायगड जिल्ह्यात पोपट्या लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, ओवा, जाडे मीठ, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, रताळी भरतात. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा जाळतात. पाण्याचा थेंबही घालत नाहीत.

आमच्या घरी कोंबडी एक आणि जेवणारी माणसे दहा. म्हणून आजी जोडीला सुरणाचे काप करते. सुरणाचा मातकट, ओबडधोबड गड्डा पाहून पुष्कळ जण विचारतात, "हे कसं खायचं? घसा खाजतो ना!" खाजतो हे खरे, पण त्याला कारण आहे आणि उपायही आहे.

सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कच्चा सुरण चिरताना ते हाताला टोचतात, खाल्ला तर जिभेला व घशाला. आंबटात शिजवला की खाज कमी होते. पोपटीत ना पाणी, ना आंबट. म्हणून आमच्याकडे सुरण मडक्यात घालत नाहीत, वेगळा करतात.

मी पाहिलेली कृती अशी :
१. कोरड्या हातांना खोबरेल तेल लावावे. साल जाड काढावी.
२. अर्धा किलो सुरणाचे अर्ध्या बोटाएवढे जाड काप करून धुवावेत.
३. पाण्यात मीठ आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ किंवा ६-७ आमसुले घालून त्यात काप शिजवावेत. सुरी सहज आत गेली की उतरवून पाणी फेकून द्यावे.
४. हळद, तिखट, मीठ, आले-लसूण व थोडा चिंचेचा कोळ लावावा. तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत.

आजी म्हणते, "चिंचेत काटकसर केलीस, तर घसा बोंब मारील!"

विकत घेताना ‘गजेंद्र’ जातीचा सुरण मिळाला तर घ्यावा, तो कमी खाजतो. रानातला सुरण फार खाजरा असतो. आणि एक नक्की लक्षात ठेवा. रानातला कुठलाही कंद मोठ्या माणसांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका. काही कंद विषारी असतात. चिरणे-तळणेसुद्धा मोठ्यांच्या देखतच करा.

काप खमंग झाले, की कोंबडीचा तुकडा लहान आला तरी कुणी कुरकुरत नाही!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी