जिवंत पेशींतील दिवे

पेण-रोह्याच्या खाडीकांठीं शेतकऱ्याला बांध फुटण्याचें भय मोठें. भरतीचें पाणी शेतांत शिरलें कीं मीठ मागें राहतें आणि कोवळें भात करपतें. तरीहि पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राची 'पनवेल-३' सारखी जात तेथें तग धरते. भाताची पेशी मिठाशीं कशी झुंजते, हें ती जिवंत असतांनाच पाहिलें पाहिजे.

येथें चमकणारीं रसायनें साहाय्याला येतात. जर्मन रसायनज्ञ बायर यांनीं १८७१ सालीं फ्लुओरेसीन तयार केलें. त्याचें डायॲसिटेट स्वतः चमकत नाहीं. परंतु जिवंत पेशींतील विकरें त्याचे तुकडे करतात आणि निळ्या प्रकाशांत हिरवी प्रभा उमटते. उलट प्रोपिडियम आयोडाइड मृत पेशींत शिरून केंद्रकाला तांबडी छटा देतें. सोडियमशीं जुळून उजळणारीं द्रव्यें मीठ कोठें साठलें तेंहि दाखवितात. क्षार सोसणाऱ्या पुष्कळ वनस्पती तें रिक्तिकेंत कोंडून जीवद्रव्य निर्धोक ठेवतात.

पानांतील हरितद्रव्य स्वतःच तांबडें चमकून घोटाळा करतें; म्हणून मुळाचें टोंक तपासणें सोयीचें. मिठाशीं पहिली गांठहि मुळाचीच पडते. खाऱ्या पाण्यांत कोणत्या वाणाच्या पेशी जगल्या, तें तेथें लोंबी धरण्यापूर्वींच दिसूं लागतें.