धावून आल्यानंतरची कामं

मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीत, पण तिची तयारी सुरू होते ऐन पावसाळ्यात. जुलैतल्या पहाटे शिवाजी पार्काच्या कट्ट्याभोवती किंवा मरीन ड्राइव्हवर भिजत, पाणी उडवत धावणारी जी मंडळी दिसतात, त्यांतली बहुतेक नोकरदार असतात. नऊच्या लोकलला उभं राहायचंय, त्याआधी दहा-बारा किलोमीटर उरकायचेत, अशा बेताने आलेली. मीही त्यांतलीच. शर्यत जिंकणं आमच्या स्वप्नातही नसतं. ४२.१९५ किलोमीटर स्वतःच्या पायांनी पार करायचे आणि सोमवारी कामावर जायचं, एवढीच महत्त्वाकांक्षा.

बघणाऱ्यांना हा सगळा जिद्दीचा मामला वाटतो. जिद्द लागते, निदान पावणेपाचचा गजर बंद करून परत न झोपण्यापुरती तरी. मला मात्र यातलं खरं नवल वेगळ्याच ठिकाणी दिसतं. धावताना माणूस तयार होत नाही, तो थोडा मोडतो. रनच्या शेवटी आपण सुरुवातीपेक्षा कमकुवत असतो. तयारी होते ती नंतर, आपण ऑफिसात फायली बघत असताना, वरणभात खाताना आणि मुख्यतः झोपेत. शिवाय शरीरातलं प्रत्येक खातं आपापल्या चालीने काम करतं. कुणाला आठवडा पुरतो, कुणाला दोन महिने, कुणाला वर्षही कमी पडतं. मॅरेथॉनच्या सरावाची सगळी गंमत, आणि बहुतेक दुखणी, या वेगवेगळ्या चालींमधून निघतात.

सगळ्यात घाई रक्ताला. नेमाने धावायला लागल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढू लागतो. मूत्रपिंडं पाणी आणि मीठ राखून ठेवतात, प्लाझ्मातलं अल्ब्युमिन वाढतं आणि ते पाण्याला रक्तवाहिन्यांत धरून ठेवतं. लाल पेशी वाढायला मात्र कितीतरी आठवडे लागतात. त्यामुळे मधल्या काळात रक्त चक्क पातळ होतं. नेमकी तेव्हा रक्ततपासणी केली तर हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरलेला दिसतो आणि आई म्हणते, "बघ, धावून धावून काय करून घेतलंस." बऱ्याचदा हिमोग्लोबिन होतं तेवढंच असतं, त्यात पाणी वाढलेलं असतं. (खरा रक्तक्षयही असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावंच.)

रक्त वाढलं की हृदयाला दर ठोक्याला जास्त माल मिळतो. डावा कप्पा ताणून भरतो आणि हे महिनोन्महिने चालू राहिलं की तो कप्पाच मोठा होतो. १८९९ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे सालोमन हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी बर्फावरच्या स्कीच्या शर्यतीतले खेळाडू तपासले. एक्स-रेचा शोध लागून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. हेन्शेन यांनी छातीवर बोटं ठोकली, आवाज कुठे बदलतो ते ऐकलं आणि या खेळाडूंची हृदयं मोठी आहेत असं नोंदवून ठेवलं. पुढे यंत्रांनी त्यांचा कान बरोबर होता हे दाखवलं. हिशोबही सोपा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवावं लागतं. ७२ ठोके पडत असतील तर दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर. कप्पा मोठा होऊन ठोक्याला ९० मिलिलिटर जायला लागले की ५५ ठोक्यांत काम भागतं. सकाळी उठल्याउठल्या मनगटावर बोट ठेवून मोजलेला आकडा पावसाळ्यात वेगळा आणि दिवाळीला वेगळा येतो, तो यामुळे.

स्नायूंमधलं काम याहून खोलवरचं. प्रत्येक स्नायूपेशीत तंतुकणिका असतात. प्राणवायू वापरून इंधन जाळायचं काम त्यांचं. जॉन हॉलोझी या अमेरिकन संशोधकाने १९६७ मध्ये उंदरांना कित्येक आठवडे ट्रेडमिलवर पळवलं आणि मग त्यांचे स्नायू तपासले. प्राणवायू वापरून इंधन जाळण्याची त्या स्नायूंची क्षमता जवळजवळ दुप्पट झालेली होती. फुप्फुसं तीच, उंदीर तेच, पण पायांत नवी कारखानदारी उभी राहिली होती. शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका परीक्षेपुरती पाठ केलेली असते. आपल्या मांडीत त्यांची संख्या आपण वाढवू शकतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जीवशास्त्रात दोन मार्क जास्त पडले असते.

त्यासाठी फार जोरात धावावंही लागत नाही. नव्याने येणाऱ्यांना हेच पटत नाही. आमच्याकडचे कोच सांगून सांगून थकतात, की लाँग रनला शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ऑफिसातलं राजकारण, मुलांच्या ॲडमिशन, भाजीचे भाव असं सगळं बोलत आठवड्यातले बहुतेक किलोमीटर काढायचे. अशा चालीला शरीर चरबी जाळतं आणि तंतुकणिका वाढवायचा निरोप पेशींना तेवढ्यानेही पोचतो. धाप लागेल असं धावणं आठवड्यातून एक-दोनदाच. जास्त दमलो म्हणजे जास्त कमावलं, हा हिशोब इथे चालत नाही.

आता मंद खाती. टाचेच्या मागे चिमटीत धरता येते ती जाड कंडरा बघा. पाऊल पडताना ती ताणली जाते आणि उचलताना ती ऊर्जा परत देते. ब्रिटनमधल्या आर. मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याचा हिशोब मांडला. धावताना दर पावलाला शरीराची जी ऊर्जा खर्ची पडते आणि परत भरावी लागते, तिच्यातली अंदाजे ३५ टक्के ही कंडरा आणि १७ टक्के तळव्याची कमान साठवू शकते. म्हणजे जवळपास निम्मं काम स्प्रिंगवर. चिंपांझीला अशी लांब कंडरा नाही. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन यांनी २००४ मध्ये असा मुद्दा मांडला की माणसाच्या शरीरातल्या अशा कितीतरी रचना लांब धावण्यासाठीच्या आहेत. डोकं हिंदकळू न देणारा मानेमागचा बंध, धड सावरणारे नितंबाचे भरदार स्नायू, ही त्यांच्या यादीतली आणखी दोन नावं. सगळ्यांना हे म्हणणं मान्य नाही. योगायोग असा, की पहिली मुंबई मॅरेथॉनही त्याच वर्षी धावली गेली.

पण कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून ती सावकाश मजबूत होते. हाडाचं तर आणखी विचित्र. वाढता भार पडला की हाड आधी स्वतःला पोखरतं. जुना भाग खाणाऱ्या पेशी काही आठवडे खड्डे पाडतात आणि मग भरणाऱ्या पेशी येऊन काही महिने ते बुजवतात. मधल्या काळात हाड आधीपेक्षा नाजूक असतं. आणि नेमका त्याच सुमाराला माणूस जोशात आलेला असतो. रक्त वाढलंय, दम वाढलाय, दहा किलोमीटर सहज होताहेत, मग पंधरा का नको? धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पडतो, म्हणजे ६५ किलोच्या माणसाच्या एका पायावर दीडशे किलोच्या आसपास. नडगीचं हाड दुखायला लागतं आणि एखाद्याला हाडात बारीक चीर गेल्याचं निदान होतं. हृदयाला परवडणारं अंतर नडगीला अजून परवडत नसतं. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा ठेवायचा, अंतर कमी करायचं. कंटाळवाणा नियम आहे, पण हाडाच्या गवंड्यांना वेळ तेवढाच मिळतो.

मुंबईकराला आणखी एक तयारी करावी लागते, ती घामाची. ६५ किलोच्या माणसाला एक किलोमीटर धावायला साधारण ६५ कॅलरी लागतात आणि त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त निव्वळ उष्णता होऊन जातात. ही उष्णता बाहेर जायची सोय नसती, तर तासाला साडेआठ किलोमीटरच्या साध्या चालीलाही दर सात-आठ मिनिटांनी शरीर एका अंशाने तापलं असतं. अर्ध्या तासात कारभार आटोपला असता. घाम आपल्याला वाचवतो, पण वाळला तरच. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी घेऊन जातो. नुसता ओघळला तर काहीच नेत नाही. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने जुलैत अंगावरचा घामही वाळत नाही. तरी शरीर दहा-पंधरा दिवसांत जुळवून घेतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि कमी खारट होतो, कारण घामाच्या नळ्या वाटेतच मीठ परत ओढून घेतात. नव्या धावणाऱ्याच्या काळ्या टोपीवर वाळल्यावर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. मुरलेल्याच्या टोपीवर ते फिकट असतात.

आता साखर. मॅरेथॉनमधलं सगळ्यात मोठं नाट्य तिचंच. चांगलं जेवलेल्या माणसाच्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात असते. ५०० ग्रॅम म्हणजे २००० कॅलरी. किलोमीटरला ६५ धरा. जेमतेम ३० किलोमीटर. आणि धावणारे ज्याला 'वॉल' म्हणतात ती भिंत बहुतेकांना तिशीनंतरच लागते. अर्थात नुसत्या साखरेवर कुणी धावत नाही, चरबीही जळते. अंगावर दहा किलो चरबी असेल तर तिच्यात सत्तर हजारांहून जास्त कॅलरी आहेत, पंचवीसएक मॅरेथॉन होतील एवढ्या. पण चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे हात पसरतं. त्यात स्नायूंचा आणखी एक अट्टहास. यकृत आपली साखर रक्तात सोडू शकतं, पण स्नायूंकडे त्यासाठी लागणारं विकरच नाही. मांड्या रित्या झाल्या आणि दंडात साखर शिल्लक असली, तरी दंडातली साखर मांडीला उसनी मिळत नाही.

आणि ४२.१९५ हा आकडा शरीर बघून कुणी ठरवलेला नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षापर्यंत जेवढं भरलं, तेवढं अंतर झालं आणि १९२१ मध्ये तेच प्रमाण ठरलं. राजघराण्याच्या सोयीने आखलेली ही रेघ माणसाच्या साखरेच्या साठ्याच्या नेमकी थोडी पलीकडे पडावी, हे मला फार मजेशीर वाटतं. तीस किलोमीटरची शर्यत असती तर तिच्याविषयी एवढं बोललंही गेलं नसतं.

ही भिंत साखरेची आहे हे आधी बॉस्टनमध्ये कळलं. १९२४ च्या शर्यतीनंतर तिथल्या डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा गलितगात्र झालेल्यांची रक्तशर्करा फारच खाली गेलेली सापडली. पुढच्या वर्षी त्यांनी काहींना आधी भरपूर पिष्टमय जेवण आणि वाटेत गोळ्या-मिठाई दिली. ते धडधाकट पोचले. पण माझी सगळ्यात आवडती हकिकत १९६६ मधली, पुन्हा स्वीडनचीच. योनास बर्गस्ट्रोम आणि एरिक हुल्टमन या दोन संशोधकांनी प्रयोगासाठी स्वतःलाच निवडलं. एकाच सायकलच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने, पाय पार रिता होईपर्यंत पेडल मारलं. दुसरा पाय स्वस्थ. मग तीन दिवस पिष्टमय पदार्थांवर ताव मारला आणि रोज दोन्ही मांड्यांत सुई घालून स्नायूचे कण काढून तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट झालं होतं. रक्त एकच, जेवण एकच, पण भरपाई मिळाली ती ज्याने मेहनत केली त्याच पायाला. शर्यतीआधी सराव कमी करून दोन-तीन दिवस भात, बटाटे, पोळ्या वाढवायच्या, ही आजची कार्ब लोडिंगची चाल इथूनच आली. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही साठतं, म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी वजनकाटा किलो-दीड किलो जास्त दाखवतो आणि लोक उगाच घाबरतात.

शर्यत सुटते सीएसएमटीहून, अंधारातच. एरवी पायी चालणाऱ्याला मज्जाव असलेल्या सी लिंकवर त्या दिवशी धावता येतं, तेव्हा सगळे खुशीत असतात. परतीला, पस्तिशीच्या आसपास पेडर रोडचा चढ येतो. तिथे रस्त्याच्या कडेला ओळखदेख नसलेली कुटुंबं ताटं घेऊन उभी असतात: मीठ लावलेली संत्र्याची फोड, चिक्की, बिस्किटं, उकडलेला बटाटा. हवेत वेदनाशामक स्प्रेचा वास. चिक्कीचा तुकडा तोंडात गेला की लगेच पाय हलके वाटतात. ती अजून पोटातही पोचलेली नसते. हा निव्वळ भास नसावा. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकांच्या द्रावणाने फक्त चुळा भरायला लावून ते थुंकायला सांगितलं, तरी तासाभराच्या परीक्षेत त्यांचा वेळ सुधारला. साखर येते आहे अशी वर्दी तोंडाने दिली की मेंदू थोडी ढील देतो.

पाण्याचं मात्र उलट. बॉस्टनला २००२ मध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरलं आणि त्याचा सगळ्यात मोठा संबंध निघाला तो वाटेत वजन वाढेल इतकं पाणी पिण्याशी. तहान लागेल तसं प्यावं, हे आजीचंच शास्त्र.

सोमवारी मांड्यांचा जो ठणका लागतो त्याचा दोष लोक लॅक्टिक ॲसिडला देतात. ते बिचारं रविवारच्या जेवणाआधीच रक्तातून गेलेलं असतं आणि तसंही ते कचरा नसून इंधन आहे. ठणका असतो स्नायूंच्या बारीक तंतूंना गेलेल्या चिरांचा आणि त्यावरच्या सुजेचा. स्नायू भार झेलत झेलत लांब होतो तेव्हा या चिरा जातात, म्हणजे मुख्यतः उतारावर. म्हणून दादरच्या पुलावर हे लोक ओळखू येतात. चढताना ठीक, उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, तिरपे. पण एकदा असं दुखलं की स्नायू पुढच्या वेळेसाठी सुधारणा करून ठेवतो आणि त्याच उताराने कित्येक आठवडे तेवढं दुखत नाही. दुसऱ्या मॅरेथॉननंतर पूल लवकर उतरता येतो. मागून लोकलसाठी धावत येणाऱ्यांच्या शिव्या मात्र दोन्ही वेळा सारख्याच बसतात.