चार पाकिटांचा धडा



आज एक नवा शब्द समजून घेऊ या. 'अजाइल'. शहरात संगणकाच्या कंपनीत काम करणाऱ्या लेकी-सुनांच्या तोंडून तो तुम्ही कदाचित ऐकलाही असेल. अजाइल म्हणजे चपळ, वेळ पाहून वळणारं.

झालं असं, की या कंपन्या आधी महिनोन्‌महिने मोठे आराखडे लिहीत बसायच्या. शेवटी तयार झालेली वस्तू गिऱ्हाइकाच्या कामाचीच नसायची. म्हणून २००१ साली अमेरिकेत १७ जाणकार एकत्र बसले आणि त्यांनी चार गोष्टी मांडल्या. नियम आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोलाचं. कागदांच्या ढिगापेक्षा चालणारी वस्तू मोलाची. करारावर घासाघीस करण्यापेक्षा गिऱ्हाइकाला सोबत घेणं मोलाचं. आणि आराखड्याला चिकटून बसण्यापेक्षा बदल ओळखून वळणं मोलाचं.

शब्द परका वाटतो ना? पण त्याच्या ४२ वर्षं आधी, मुंबईत गिरगावातल्या बायकांनी हे करून दाखवलं होतं.

१५ मार्च १९५९. गिरगावातलं लोहाणा निवास. तिथल्या गच्चीवर जसवंतीबेन पोपट आणि आणखी सहा जणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं ८० रुपये, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. फक्त चार! पण ती खरी पाकिटं होती, दुकानात ठेवण्यासारखी. माल खपतोय हे दिसलं, तशा आणखी बायका येत गेल्या. हेच पुढे आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं लिज्जत पापड झालं.

पहिल्याच वर्षी पावसाळा आडवा आला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. काम पावसातही चालू राहिलं. अडचण नेमकी कुठे आहे हे पाहून त्यांनी तेवढीच रीत बदलली.

पण मैत्रिणींनो, वळायचं म्हणजे सगळंच सोडून द्यायचं असं नाही. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात कधी तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवा, हेही त्यांनीच बजावलं. तोटा आला तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे बायकांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. म्हणजे वाळवायची रीत बदलली, पण दर्जा, हिशेब आणि स्वाभिमान बदलला नाही.

त्यांची रोजची पद्धतही पाहण्यासारखी आहे. केंद्रातून मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तिथे वजन होतं, तपासणी होते, मजुरी मिळते. चूक झालीच, तर ती एका दिवसाच्या पिठापुरती राहते. आज अशा ४०,०००हून अधिक बहिणी आहेत आणि प्रत्येक सभासद बहीण ही मालकीण मानली जाते. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता आपल्या गटाकडे वळू या. समजा, मसाल्याचा धंदा करायचा आहे. कर्ज काढून क्विंटलभर मिरची आणली, आणि लोकांना तो मसाला फार तिखट लागला, तर? गटाचा पैसा म्हणजे कुणाची अंडी विकून आलेले, कुणाच्या खुरपणीच्या मजुरीतले रुपये. ते अडकले की दुखणं घरोघरी पोचतं. त्यापेक्षा आधी पाच किलो करा. शेजारच्या गावच्या बाजारात विका. घेणारीला पुढच्या बाजारी विचारा, चव कशी वाटली? ती सांगेल तसं प्रमाण बदला आणि मग पुढचे दहा किलो करा. वहीत मात्र पाच किलोचाही हिशेब लिहा.

गटाच्या बैठकीत तीन प्रश्न ठेवा. मागच्या बैठकीपासून काय बनलं आणि काय विकलं? कुठे अडलं? पुढच्या बैठकीपर्यंत कोणती एक गोष्ट बदलायची? उत्तर फक्त अध्यक्षबाईंनी द्यायचं नाही. जी रोज चुलीपाशी, कांडपापाशी उभी असते, तिला अडचण सगळ्यांत आधी दिसते. पण बैठकीत बहुतेकदा तीच मागे, भिंतीला टेकून गप्प बसलेली असते. पुढच्या बैठकीत पहिल्यांदा तिला विचारा.