संगणकाची भिंत आणि समोरचा दिवाण

मराठी घराला भिंत मिळाली की तिच्यात खिळा ठोकला जातो तो बहुधा चित्रासाठी. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या घरात आल्या आणि देवळात जाऊन घ्यायचे दर्शन घरच्या भिंतीवर घडू लागले. नंतरच्या पिढीत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची चित्रे आली. वर्ष संपल्यावर कॅलेंडरावरचे चित्र कापून त्याला चौकट करणारी घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील.

आता भिंती कपाटांनी भरल्या. रंग खराब होतो म्हणून खिळा ठोकण्याचीही चोरी झाली. उरली ती एकच भिंत, संगणकाच्या पडद्याची. तिच्यावरच्या चित्राला ‘वॉलपेपर’ म्हणतात ते उगीच नव्हे.

पडदा सजवण्याची ही हौस चाळीस वर्षांहून जुनी आहे. 1984 साली पहिला मॅकिन्टॉश आला तेव्हा त्याला काळा आणि पांढरा एवढेच ठाऊक होते. तरी आठ बाय आठ ठिपक्यांची नक्षी आपल्या मनाप्रमाणे बदलण्याची सोय त्यात होती. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या बायकांना ही कल्पना निराळी समजावून सांगायला नको.

पण बहुतेक माणसे ही तसदी घेत नाहीत. यंत्राबरोबर येईल ते चित्र गोड मानून घेतात. विंडोज एक्सपीवरची ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश आठवते ना? चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने 1996 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात, रस्त्याने जाता जाता मोटार थांबवून ते टिपले. 2001 साली एक्सपी आली आणि ती टेकडी घरोघर पोहोचली. गंमत अशी, की ती जमीन मूळची द्राक्षांची. फायलॉक्सेरा नावाची मुळांना लागणारी कीड पडून तिथल्या वेली उपटाव्या लागल्या होत्या. म्हणून तर ते मोकळे गवत दिसले! नाशिककडच्या बागाईतदाराला हे सांगितले तर त्याला त्या हिरवळीकडे कौतुकाने पाहवेल का? कोणाची तरी गेलेली बाग आपण वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर ठेवली, कारण ते चित्र आपण निवडलेलेच नव्हते.

मग निवडावे कोणी? हा प्रश्न आमच्या चारकोपच्या घरात गेल्या दिवाळीच्या साफसफाईत उभा राहिला.

चारकोपची वसाहत म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने 1985 नंतरच्या दशकात वसवली. पाणी, गटारे आणि रस्ते यांची सोय केलेले लहान लहान भूखंड द्यायचे आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे, अशी ती योजना. मधे चौक आणि भोवती घरे. माझ्या सासऱ्यांनी 1990 च्या सुमारास असेच एक घर उभे केले. खोली बेताची, त्यामुळे संगणकाचे टेबल आणि सासूबाईंचा दिवाण समोरासमोर. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या उत्तरपत्रिकांच्या याद्या, मुलाचा अभ्यास आणि आमच्या ह्यांचे हिशेब, सारे त्या एका यंत्रावर चालते.

मुलाला क्रिकेटपटू हवा होता, धाकटीला मांजर. मुलाने तोडगा काढला, “प्रत्येकाचे वेगळे खाते उघडू. ज्याने त्याने आपले चित्र लावावे.” तोडगा सोपा होता, यंत्रात तशी सोय आहेच. पण दिवाणावरून आवाज आला, “आणि माझे खाते कुठे रे?”

मुलगा हसला. “आजी, तू कुठे कॉम्प्युटर चालवतेस?”

“चालवत नाही, पण बघते तर मीच ना दिवसभर?”

या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला. जो संगणकावर काम करतो त्याला मागचे चित्र दिसते कुठे? त्याच्यापुढे एकावर एक खिडक्या उघडलेल्या. काम संपवून तो उठतो, खिडक्या मिटतात, तेव्हा चित्र मोकळे होते. आणि ते पाहायला समोर उरतो तो दुसराच कोणी.

“मग आई, तुम्हाला कोणते लावू?” मी विचारले. “पांडुरंग लाव,” त्या म्हणाल्या.

पडद्याच्या रिकाम्या जागेवर माऊसचे उजवे बटण दाबले, ‘पर्सनलाइज’ उघडले, चित्र निवडले. पांडुरंग आला, पण मूर्ती उभी आणि पडदा आडवा! ‘फिल’ हा पर्याय पडदा भरून टाकतो, त्यासाठी चित्र वाढवतो आणि मावेल तेवढेच ठेवतो. मुकुट वर गेला, विटेसकट पाय खाली गेले. “अगं, वीट कुठे गेली?” सासूबाई कळवळल्या. ‘फिट’ केल्यावर संपूर्ण मूर्ती दिसली, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. गाभाऱ्यातला अंधारच तो, म्हणून त्या चालल्या.

आठ दिवसांनी त्यांनीच दुसरे चित्र सुचवले. “देव देव्हाऱ्यात आहेच. तो घराचा फोटो लागेल का?” जोते भरून झाले आहे, सासरे हातात थापी घेऊन उभे आहेत, शेजारी शाळेच्या गणवेशातले आमचे हे, आणि मागे चौकाची मोकळी जागा. असा तो फोटो. त्यातल्या भिंतीवर आज दुसरा मजला आहे, आणि सासरे नाहीत.

फोटोची संगणकातली प्रत जुनी, 640 बाय 480 ठिपक्यांची. आमचा पडदा 1920 बाय 1080 चा. ‘स्ट्रेच’ केले तर रुंदी तिप्पट वाढते आणि उंची सव्वादोनपट. सडपातळ सासरे एकदम पैलवान झाले! सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शेवटी ‘सेंटर’ निवडले. फोटो आपल्या मूळ आकारात, पडद्याच्या मधोमध, भोवती करडा रंग. जणू रिकाम्या भिंतीवर टांगलेली तसबीर. डावीकडच्या चिन्हांची रांगही त्याला शिवत नव्हती.

पडदा पाच मिनिटांत आपोआप काळा होत असे. ती मुदत मुलाने आपण होऊन अर्ध्या तासाची केली. आता दिवेलागणीला काम थांबले की सासूबाई त्या फोटोकडे बघत बसतात आणि बोलू लागतात. विटा कुठून आणल्या, पाणी मारायला रात्री कोण उठत असे, पहिल्या पावसात छपरावर काय घातले होते. मांजराचा हट्ट धरणारी धाकटी त्यांच्या कुशीत बसून ऐकते. घर बांधणाऱ्या आजोबांना तिने पाहिलेले नाही.

वाचकहो, वेगवेगळी खाती जरूर उघडा. प्रत्येकाच्या हातात त्याचा फोन आहेच, तिथे हवे ते चित्र ठेवावे. पण घरात एखादा तरी पडदा सर्वांचा राहू द्यावा. या दिवाळीत जळमटे काढाल तेव्हा संगणकाच्या भिंतीवरूनही हात फिरवा, आणि नवे चित्र लावण्यापूर्वी समोरच्या दिवाणावर कोण बसते त्याला विचारा.